रोजच्या हातातली बॅग

माळ्यावरून काढताना सुटकेस भिंतीला एकदाच घासली, आणि तेवढ्या खरखरीवरून धाकट्याने सगळं ओळखलं. तो आंघोळीला निघाला होता. खांद्यावरचा टॉवेलही खाली न ठेवता तो आतल्या खोलीत गेला आणि बायकोच्या हातातून सुटकेस घेऊन उघडून पाहिली. आत मुलीचे दोन फ्रॉक आणि एक स्वेटर होता. ते त्याने नीट घडी करून पलंगावर ठेवले. मग रिकामी सुटकेस दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि बायकोच्या खांद्यावर आदळली. ती खाली बसली, तेव्हा पुन्हा एकदा.

स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या ताईला हाड मोडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

ताई म्हणजे धाकट्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, भावाला लहानाचा मोठा केला, आणि त्याच्या लग्नानंतर त्याच्याच घरात पुढच्या खोलीत राहिली. अकरा वर्षं ती त्या ओट्यापाशी उभी राहून आतल्या खोलीतले आवाज ऐकत आली होती, आणि दर वेळी नळ मोठा सोडत आली होती. त्या सकाळीही तिचा हात सवयीने नळाकडे गेला. पण ओट्याखाली तिची सहा वर्षांची भाची कानांत बोटं घालून बसली होती. सगळे तिला मुंगी म्हणत. मुंगी रडत नव्हती. आत्या आता काय करते, एवढंच ती बघत होती.

ताईने नळ सोडला नाही. ती आत गेली. धाकट्याने तिला दारातच कोपराने मागे लोटलं, तशी तिची पाठ चौकटीवर आदळली.

"ताई, तू मध्ये येऊ नकोस," तो अगदी शांतपणे म्हणाला. "रिक्षा बोलाव. ही जिन्यावरून पडली आहे."

दवाखान्यात त्याच्याइतका काळजीवाहू नवरा शोधूनही सापडला नसता. बायकोला पाण्याचा ग्लास धरून पाजत होता, फोटो काढायच्या खोलीपर्यंत हाताला धरून नेत होता. खांद्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी जिन्याच्या पायऱ्या किती, असं विचारलं. तो म्हणाला, अठरा. त्याची बायको, ताईची वहिनी, जमिनीकडे बघत होती. ताईही.

धाकट्याचं काम असं, की त्याच्यापासून काही लपवणं म्हणजे डॉक्टरपुढे दुखणं लपवण्यासारखं. एका मोठ्या कारखान्याच्या फाटकावर तो पहारेकरी होता. पाळी सुटली की सहाशे माणसं त्याच्यासमोरून जायची आणि प्रत्येकाची पिशवी त्याच्या हातातून जायची. डब्याच्या खालच्या कप्प्यात, छत्रीच्या दांड्यात, पाण्याच्या बाटलीच्या दुहेरी बुडात लपवलेल्या वस्तू त्याने पकडल्या होत्या. साहेब लोक त्याला बक्षीस देत. "उघडायचीसुद्धा गरज नसते," तो घरी सांगायचा. "हातात उचलली की कळतं. रिकाम्या पिशवीचं वजन वेगळं, आणि रिकामी दाखवलेल्या पिशवीचं वेगळं."

त्या सकाळपासून घरातून बाहेर जाणारी प्रत्येक पिशवी त्याच्या हातातून जायला लागली. बायकोची, मुंगीचं दप्तर, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच ताईचीसुद्धा.

"माझीही?" ताईने विचारलं.

"नियम सगळ्यांना सारखा," तो म्हणाला आणि तिचा डबा उघडून त्याने त्यात बोट फिरवलं.

पंधरा दिवसांनी हाताची झोळी गळ्यात अडकवून वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालायला आली. एका हाताने चादर जमेना, म्हणून ताईने दुसरं टोक धरलं. चादरीच्या आड दोघींचं बोलणं झालं. दुसऱ्या शहरात वहिनीची शाळेतली मैत्रीण राहत होती. तिचं चष्म्याच्या काचा घासायचं दुकान होतं. वहिनीही इथे तेच काम करायची, त्याचा शिकल्याचा दाखला तिच्याकडे होता. मैत्रीण म्हणत होती, ये, उद्यापासून कामाला लाग. पण दाखला, मुंगीचा जन्माचा दाखला, दवाखान्याची कागदपत्रं हे सगळं धाकट्याच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्याच्या करगोट्याला. आंघोळीची दहा मिनिटं तेवढी ती खुंटीवर असायची.

"कागद मी काढीन, ताई," वहिनी म्हणाली. "मुंगीचा दम्याचा पंप, चार कपडेही जमवीन. पण घेऊन जाऊ कशात? दारात ते उभे असतात."

"नुसती निघून जा. कपडे काय, तिथेही मिळतील."

"कपडे मिळतील. पण कागदांशिवाय मुंगी माझी आहे हे कोणाला पटवू? ते दोन दिवसांत येतील आणि पोलिसांना बरोबर घेऊन तिला उचलून नेतील." वहिनीने चादरीचं टोक सोडलं. "तुम्ही सांगाल त्यांना?"

या प्रश्नावर ताई चिडायला हवी होती. ती चिडली नाही. चादरीचा चिमटा हातात तसाच धरून तिने वहिनीला एक गोष्ट सांगितली, जी तिने कधी कोणाला सांगितली नव्हती. ती नऊ वर्षांची असताना तिची आई एक गाठोडं घेऊन घरातून गेली होती. वडिलांनी संध्याकाळी तिला मांडीवर घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, आई कुठे गेली ग माझ्या सोन्या. तिने सांगितलं, मावशीकडे. त्याच संध्याकाळी वडील आईला परत घेऊन आले. त्यानंतर आईला डाव्या कानाने कधी ऐकू आलं नाही.

"आई मला एका शब्दानेही बोलली नाही," ताई म्हणाली. "ती बोलली असती तर बरं झालं असतं. चल, ती उशीची खोळ दे इकडे."

ताई बावीस वर्षं बॅगा शिवत होती. एका इमारतीच्या तळघरात कारखाना होता: सहा शिलाई मशीन, एक लांब कापायचं टेबल, कोपऱ्यात रिबिट ठोकायचं लोखंडी यंत्र आणि सगळीकडे डिंकाचा वास. तिच्या हातून हजारो बॅगा गेल्या असतील, आणि त्यांच्यावर लावायच्या चिठ्ठ्यांवर हमखास छापलेलं असायचं, रोजच्यासाठी आणि प्रवासासाठी. ताईला ते वाचून हसू यायचं. जी रोज चालते ती प्रवासात अपुरी पडते, आणि जी प्रवासाची ती रोज घेऊन हिंडलं तर लोक विचारतात, कुठे निघालात. आता मात्र तिला खरोखरच तशी बॅग हवी होती. बघणाऱ्याला रोजची वाटावी आणि उचलणाऱ्याला प्रवास पुरावा. चाकांची नको, चाकं बोलतात. पाठीवरची सॅक चालली असती, दोन्ही हात मोकळे राहतात आणि पोरीला धरता येतं. पण वहिनीच्या त्या खांद्यावर पट्टा टेकवणंही शक्य नव्हतं. एका खांद्याची, रुंद पट्ट्याची, चेनचा आवाज न होणारी, आणि आत कुठेतरी असा कप्पा, की ज्याला बोट लागू नये.

तिने आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून एक बॅग शिवली. निळ्या कॅनव्हासची. अस्तर आणि पाठ यांच्यामध्ये सबंध चोरकप्पा, त्याचं तोंड पट्ट्याच्या शिवणीत लपवलेलं. कापायच्या टेबलावर काम करणाऱ्या दांडग्या बाईला कारखान्यात कात्रीबाई म्हणत. तिने ती बॅग उलटसुलट करून पाहिली.

"कोणासाठी एवढी नजाकत?"

"वहिनीला भेट. हात मोडलाय तिचा."

"जिन्यावरून पडली ना?" कात्रीबाई म्हणाली. "आमच्याकडेही एक जिना होता. मेला तो." आणि ती पुन्हा कापायला लागली.

धाकट्याने ती भेट हातात घेतली, उलट केली, दोन बोटांत पाठीचं कापड चिमटून पाहिलं. मग स्वयंपाकघरातून सुरी आणून त्याने ती वरपासून खालपर्यंत फाडली, जशी मासळी चिरतात तशी. चोरकप्पा उघडा पडला. तो रिकामा होता.

"हे कशासाठी?" त्याने विचारलं.

"नवीन पद्धत आहे," ताई म्हणाली. "चोरांपासून सांभाळायला. सगळ्या बॅगांना करतो आम्ही."

"आणि चोर म्हणजे मी."

त्याने आधी वहिनीला धरलं. मोडलेल्याच बाजूचा दंड धरून तिला गोल फिरवलं, तशी ती पांढरी पडून खाली बसली. ताई मध्ये आली. तेव्हा धाकट्याने तिच्या तोंडावर मूठ मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ज्याला तिने कडेवर घेऊन शाळेत सोडलं होतं, गोवरात ज्याच्या उशाशी तीन आठवडे बसून काढले होते, त्याची मूठ तिच्या ओठावर बसली आणि एक दात जिभेवर आला. तिने तो हातात थुंकला. तो तिच्या हाताकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर अगदी लहानपणचा, काचेची बरणी फुटल्यावर दिसायचा तसा घाबरा भाव आला. मग तो म्हणाला, "बघ, तू मला काय करायला लावतेस," आणि बाहेर निघून गेला.

ताईने तोंड धुतलं. वहिनीच्या खांद्याला बर्फ लावला. मुंगी फाटलेली निळी बॅग जोडून बघत होती.

"आत्या, ही शिवता येईल?"

"नको," ताई म्हणाली. "ही चुकीची होती."

चूक कुठे झाली, हे तिला रस्त्याने जाताना सुचलं. नवीन बॅग आणली हीच चूक. नव्या वस्तूवर झडती घेणाऱ्याची नजर आधी जाते. आणि चोरकप्पा लपवला ही दुसरी. धाकटा लपवलेलं शोधायचा, तेच त्याचं काम होतं. तेव्हा त्याला काहीतरी शोधू द्यायला हवं होतं. सापडलं की माणूस थांबतो.

वहिनीची रोजची बॅग तपकिरी रेक्झिनची होती. सात वर्षं जुनी, पट्टा उसवलेला, तळ झिजून पुठ्ठा बाहेर आलेला. धाकट्याच्या हाताला ती इतकी ओळखीची होती, की उचलताना तो तिच्याकडे बघतही नसे. महिन्याभराने ताईने ती त्याच्यासमोरच उचलली. "हिचा तळ गेलाय. डबा कलंडतो. शिवून आणते." तो पेपर वाचत होता. मान हलवली.

ताईने नवा तळ बनवला. प्लायवूडची दोन बोटं उंचीची चपटी पेटी, वर पत्रा, आत यंत्राखालचा एक जुना लोखंडी तुकडा. सगळं मिळून कारखान्याच्या काट्यावर बरोबर नऊशे ग्रॅम. ते अस्तराखाली घातलं आणि एका बाजूची शिवण मुद्दाम जराशी कच्ची सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने बॅग उचलली आणि त्याचा हात थबकला. वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली.

"जड आहे."

"तळाला पत्रा टाकलाय," ताई भांडी घासत पाठमोरी म्हणाली. "काल म्हणाले नव्हते का."

त्याने बोटांनी तळ दाबला. ती कच्ची शिवण त्याला सापडली. ताईने सोडलीच होती ती त्याच्यासाठी. त्याने नखाने दोन टाके उसवले, आत पत्रा चमकताना पाहिला, बोटाने त्यावर टकटक केलं. पत्रा टणकन वाजला. त्याने बॅग परत दिली.

"नीट शिव. काम अर्धवट करतेस."

त्यानंतर बावीस दिवस तो रोज सकाळी बॅग उचलायचा, टकटक करायचा आणि परत द्यायचा. पाचव्या दिवसापासून तो आत हात घालेनासा झाला. बाराव्या दिवसापासून उचलताना बोलत राहायचा. त्या बावीस दिवसांत त्याने वहिनीला तीनदा मारलं. एकदा भाजी खारट झाली म्हणून, एकदा दुकानातून यायला उशीर झाला म्हणून आणि एकदा काहीच झालं नव्हतं. तिसऱ्या वेळी त्याने तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. ताई मध्ये पडली तेव्हा त्याने तिचा हात मागे पिळून तिला न्हाणीघरात कोंडलं. कडी लावलेल्या दारामागे ताई उभी होती आणि मनात एकच गोष्ट घोकत होती, अजून आठ दिवस. त्याच्या हाताला वजनाची सवय लागायला अजून आठ दिवस. थांबणं हेच काम होतं, आणि त्या कामाइतकं कठीण काम तिने बावीस वर्षांत केलं नव्हतं.

तेविसाव्या दिवशी धाकटा आंघोळीला गेला. आत पाणी पडायला लागलं, तशी वहिनीने खुंटीवरून किल्ली घेतली. ताईने बॅग पलंगावर उपडी केली आणि तळाच्या बाजूचा एक धागा ओढला. त्या एका धाग्यावर सबंध तळ उभा होता, तो घडीसारखा उघडला. लोखंडी तुकडा बाहेर आला. वहिनीने कागदांची थैली आणली, गादीखाली आठ दिवस दाबून ठेवलेले मुंगीचे कपडे काढले, दम्याचा पंप, स्वतःचा एक जोड. लोखंडी तुकड्याइतकंच भरेल असं ताईने सगळं आधीच मोजून ठेवलं होतं. पेटीत कागद, त्यावर कपडे, पुन्हा वर पत्रा. तिने दाभणाने सहा टाके घातले. दाभण निसटून अंगठ्यात गेलं. रक्त अस्तराला लागू नये म्हणून तिने अंगठा तोंडात धरला आणि उरलेले टाके एका हाताने, दातांनी दोरा ओढत पुरे केले. आतलं पाणी थांबलं. वहिनी किल्ली खुंटीवर टांगत होती. लोखंडी तुकडा ताईच्या हातातच होता. तो तिने गादीखाली सरकवला.

धाकटा केस पुसत आला. मुंगी दप्तर घेऊन दारात उभी होती. त्याने दप्तर पाहिलं. ताईची पिशवी पाहिली. मग तपकिरी बॅग उचलली.

"आज साहेब लोक येणार आहेत पाहणीला," तो म्हणाला. "मला उशीर होईल." त्याने टकटक केलं. पत्रा वाजला. "जा."

वहिनी जिना उतरली. अठरा पायऱ्या. मुंगीचा हात धरून ती शाळेच्या वळणापर्यंत गेली आणि तिथून वळली नाही, सरळ गेली. अकराची गाडी होती.

ताई कारखान्यात जाऊन मशीनवर बसली. अकरा वाजले तेव्हा तिने घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाहिलं. एक वाजता ती पहिल्यांदा पाणी प्यायली.

पाहणी लवकर आटोपली होती. धाकटा साहेबांच्या शाबासकीच्या आनंदात दुपारी दीडला घरी आला, बूट काढायला पलंगावर बसला आणि खाली काहीतरी टोचलं म्हणून त्याने गादी उचलली. लोखंडी तुकडा पाहून त्याला लगेच कळलं असेल का, की थोडा वेळ लागला, हे कोणालाच माहीत नाही. शेजारणीने एवढंच सांगितलं, की तो बराच वेळ तो तुकडा हातात धरून, वर-खाली करत दारात उभा होता.

तो तळघरात उतरला तेव्हा दोन वाजून गेले होते. एका हातात पहाऱ्याचा दांडका, दुसऱ्यात लोखंडाचा तुकडा. मालक उठून म्हणाले, "कोण पाहिजे?" तेवढ्यात दांडका त्यांच्या मनगटावर बसला. धाकट्याने लोखंड फरशीवर टाकलं आणि ताईच्या वेणीला धरून तिला मशीनवरून ओढून काढलं. स्टूल पडलं, दोऱ्याची रिळं फरशीवर धावली.

"माझ्या हातातून," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "माझ्या या हातातून नेलंत. कुठे गेली?"

त्याने ताईचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. भुवई फाटली आणि डोळ्यात रक्त उतरलं.

"ताई, एकदाच विचारतो. पोरगी माझी आहे. कुठे गेली?"

"मला माहीत नाही."

"तुला माहीत आहे."

"आहे," ताई म्हणाली. "आणि सांगणार नाही."

त्याने तिला रिबिटच्या यंत्रापाशी ओढलं, तिचा डावा हात ठशाखाली धरला आणि दांडका काखेत दाबून दुसऱ्या हाताने दट्ट्या पकडला. पुन्हा विचारलं. ताईने डोळे मिटले. तिच्या तोंडातून शब्द निघायच्या आत त्याने दट्ट्या खाली ओढला. करंगळी आणि शेजारचं बोट. ती किंचाळली, तळघर दणाणून गेलं, आणि किंचाळीच्या शेवटी त्याने चौथ्यांदा विचारलं, तेव्हा तिने फक्त मान हलवली. नाही.

इतका वेळ बाकीच्या बायका भिंतीला चिकटून उभ्या होत्या. कात्रीबाईने टेबलावरची लोखंडी पट्टी उचलली, चार हात लांब, दोन्ही हातांनी धरली आणि कुऱ्हाडीसारखी त्याच्या कानशिलावर घातली. धाकटा गुडघ्यांवर आला. दुसऱ्या घावाला आडवा झाला. दांडका सुटून मशीनखाली गेला.

इथे हे संपायला हवं होतं. पण ताई उठली. चिरडलेला हात पोटाशी धरून तिने उजव्या हाताने फरशीवरचा तो लोखंडी तुकडा उचलला आणि भावाच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. त्याचा जबडा सरकल्याचं तिच्या हाताला कळलं आणि तिला बरं वाटलं. कोणी सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता, पण तिला तहानेला पाणी मिळावं तसं बरं वाटलं. तो हात वर करत होता, "ताई, ताई" म्हणत होता, आणि ती मारत होती. अखेर कात्रीबाईने तिला मागून मिठी मारून उचललं.

"बस कर," ती तिच्या कानात म्हणाली. "तो पडलाय. बस कर, बाई."

ताईने तुकडा टाकला. मग ती भावाशेजारीच फरशीवर बसली, आणि पोलीस येईपर्यंत दोघंही तिथेच होती, एकमेकांचं रक्त अंगावर घेऊन.

ताईची दोन बोटं गेली. धाकट्याचा जबडा तारेने बांधला आणि एका डोळ्याला कायमचं अंधुक दिसायला लागलं. खटला नऊ महिने चालला. वहिनीने आपल्या शहरातून कागद पाठवले, दवाखान्याचे, हाडांच्या फोटोंचे, सगळे तारखेनिशी. कागदांना मध्ये घडीची एक रेघ पडली होती, बाकी नीट होते. ती साक्षीलाही आली आणि न थांबता, न रडता बोलली.

ताईच्या वकिलांनी तिला बजावून ठेवलं होतं, विचारतील तेवढंच बोल. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्ही त्याला किती वेळा मारलंत.

"मोजलं नाही," ताई म्हणाली. "तो पडला होता. धोका नव्हता. तरी मारलं."

वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी बराच वेळ काही लिहिलं. धाकटा समोर बसला होता, बारीक झालेला, आणि तिच्या हाताकडे बघत होता. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. ताईला ताकीद देऊन सोडलं. बाहेर नेताना तो तिच्यापाशी थांबला, पण पोलिसाने त्याला पुढे ढकललं, आणि त्याला काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. पुढे कित्येक दिवस ताई ते काय असेल याचा विचार करत असे. भाजी चिरताना, केस विंचरताना. कधी तिला वाटे, शिवी असेल. कधी वाटे, नुसतं ताई म्हणाला असता.

तिने घर सोडलं. आठ बोटांनी मशीन चालवायला ती पुन्हा शिकली, पण तळघरात उतरलं की रिबिटचा आवाज होताच तिला ओकारी यायची. कात्रीबाई म्हणाली, "इथे राहून तू मरशील. जा तिकडे. बॅगा सगळीकडे शिवतात." मालकांनी तिथल्या ओळखीच्या एकाच्या नावे चिठ्ठी दिली.

वहिनी गाडीवर घ्यायला आली होती. खांदा थोडा खाली उतरलेलाच राहिला होता, पण ती दोन्ही हातांनी गर्दीतून वाट काढत आली आणि तिने ताईचं सामान ओढून घेतलं. दोघी चालायला लागल्या. बोलायला लागल्या तर रस्त्यातच बसावं लागेल, हे दोघींनाही कळत होतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर, एकच, खिडकी रस्त्याकडे. मुंगी आता सात वर्षांची होती आणि दोन बोटं उंच झाली होती. तिने आत्याच्या डाव्या हाताकडे नीट निरखून पाहिलं, जिथे बोटं नव्हती तिथे हात लावला आणि विचारलं, "दुखतं?"

"थंडीत."

मुंगीला ते पटलं. मग तिने आत्याला हाताला धरून दारापाशी नेलं.

"हे बघ. ही कडी आतून लागते. मी लावते रोज."

तिने लावून दाखवली. उघडली. पुन्हा लावली. टाचा उंचावून, जीभ दातांत धरून, पाच-सहा वेळा.

"पुरे ग," वहिनी आतून म्हणाली. "आत्या उभ्याच आहेत केव्हाच्या. हातपाय धुवा, ताट वाढते."